खाणीचा गाळ आणि संवराचा मार्ग

धान्याच्या व्यापारात पडलेल्या प्रत्येक मनुष्यास एक गोष्ट पहिल्या हंगामातच शिकावी लागते. खडा खळ्यावर वेगळा केला तर ते सुपाचे काम असते. पोत्यात शिरला तर चाळणीचे होते. आणि शिजलेल्या भातात आला तर ते दाताचे होते. खडा तोच, परंतु जसजसा तो उगमापासून दूर जातो तसतसा त्याला काढण्याचा खर्च वाढतो आणि शेवटी त्याची किंमत भलताच मनुष्य देतो. ज्याने खळे झाडले नाही त्याचा दात पडत नाही. पडतो तो जेवणाऱ्याचा.

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा बाजारभाव, गोदामांची व्यवस्था किंवा अडत्यांच्या अडचणी यांवर आम्ही लिहावे अशी अपेक्षा होती. त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र खाणीतून निघणारा टाकाऊ माती-दगड, त्याचा गाळ आणि त्यायोगे नासणारे पाणी व शेत, हा विषय निवडला आहे. व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत हा विषय कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आम्ही खनिजशास्त्र शिकलेलो नाही. दाण्याची परीक्षा तेवढी जाणतो. तथापि गेल्या काही वर्षांत या विषयावर जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते सभासद बंधुभगिनींसमोर सोप्या शब्दांत मांडावे असे वाटते.

खाण म्हणजे केवळ खनिज नव्हे

लोखंडाचे खनिज डोंगराच्या पोटात असते आणि त्यावर मातीचे, जांभ्याचे व कच्च्या खडकाचे जाड आवरण असते. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी ते आवरण आधी काढावे लागते. आपल्या शेजारच्या गोव्यात एक टन लोहखनिज हाती लागण्यासाठी सुमारे अडीच ते तीन टन माती-दगड उपसून बाजूस टाकावा लागतो. म्हणजे व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर मालापेक्षा कोंडाच अधिक. खनिज बार्जेतून मांडवी व जुवारी नद्यांच्या वाटेने मुरगाव बंदराला गेले, तेथून जहाजाने परदेशी गेले. परंतु ही अडीच-तीन टन माती गावातच राहिली. गोव्यात तिच्या ढिगांना ‘डंप’ म्हणतात. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत असे डंप डोंगरांशेजारी दुसरे डोंगर उभे राहावेत तसे उभे आहेत.

आता येथे धान्याच्या राशीचा दृष्टान्त घ्यावा. ज्वारी ओतली की ती स्वतःचा एक उतार धरते. तांदूळ वेगळा उतार धरतो. त्या उतारापेक्षा रास उभी करू गेले की दाणे घसरतात. टिपरमधून ओतलेली माती अशीच आपल्या सोयीच्या उतारावर उभी राहते, आणि कोरड्या दिवसांत ती पाहणाऱ्यास स्थिर वाटते. परंतु गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. पाणी ढिगात मुरले की मातीचे वजन वाढते, कणांची पकड सुटते आणि ओघळी पडू लागतात. पहिल्या पावसात ओघळ, दुसऱ्यात घळ, आणि मग तांबडा लोंढा ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात उतरतो.

हा गाळ म्हणजे नदीचा पोसणारा गाळ नव्हे. नदीच्या गाळात कुजलेला पाला व सेंद्रिय अंश असतो. खाणीचा गाळ म्हणजे बारीक दळलेला निर्जीव खडक. ओला असता चिखल, वाळला की विटेसारखा कठीण. त्यात भाताचे मूळ जात नाही, पाणी मुरत नाही, आणि लोहाचा अंश वाढल्यामुळे रोपे पिवळी पडतात. शिवाय जेथे खड्डा भूजलाच्या पातळीखाली जातो तेथे तळाचे पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावे लागते; त्यामुळे आसपासच्या विहिरी आटतात. श्रीलईराई देवीचे शिरगाव हे गाव यात्रेमुळे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. तेथील विहिरींच्या पाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला.

आम्ही काय पाहिले

येथे एक गोष्ट आमच्या स्वतःच्या वहीतील सांगणे प्राप्त आहे. ती सांगताना संकोच होतो. परंतु ती लपवून दुसऱ्यांस उपदेश करणे योग्य नव्हे.

सन २००८ च्या सुमारास खनिजाचा भाव फार चढला होता. त्या दिवसांत एका परिचित गृहस्थाच्या सांगण्यावरून आम्ही दोन टिपरांत भागीदारी घातली. टिपर गोव्यातील खाणपट्ट्यात चालत आणि दरमहा भाड्याची रक्कम येथे बेळगुंदीत बसून आमच्या वहीत जमा होई. तांदळाच्या ठोक धंद्यात जी रक्कम सहा महिने पोती मोजून मिळे, ती टिपरातून दोन महिन्यांत मिळू लागली. ती माती कोठून उचलली जाते आणि कोठे टाकली जाते, हे आम्ही एकदाही विचारले नाही.

पुढे एका पावसाळ्यात उधारीच्या वसुलीसाठी चोर्ला घाट उतरून साखळीच्या बाजूस गेलो होतो. तेथील एक किराणा दुकानदार आमच्याकडून पुष्कळ वर्षे तांदूळ घेत असे. त्याच्या मागणीत त्या वर्षी मोठी वाढ झाली होती. आम्ही संतोषाने कारण विचारले. तो म्हणाला, “शेटजी, पूर्वी हे लोक आपल्या शेतातले खात. आता विकत घेतात. चला, दाखवतो.” त्याने आम्हांस गावाबाहेर नेले. बांधांच्या रेषा तेवढ्या दिसत होत्या. बाकी सर्व खाचरे तांबड्या चिखलाखाली सपाट झालेली. एक वृद्ध शेतकरी बांधावर उभा होता. दुकानदाराने आमची ओळख करून दिली, “ह्यांचाच तांदूळ तुम्ही खाता.” त्या वृद्धाने आम्हांस हात जोडले.

त्या नमस्काराने आमची मान खाली गेली. कारण ज्या डोंगरावरून तो चिखल उतरला त्याच बाजूस आमचे टिपर चालत होते. त्याचे शेत बुडाले त्याचे भाडे आमच्या वहीत जमा, आणि शेत बुडाल्यामुळे त्याने विकत घेतलेल्या तांदळाचा नफाही आमच्याच वहीत जमा. एकाच नुकसानीवर आम्ही दोनदा कमावले होते, आणि नावे टाकण्याच्या बाजूस त्या मनुष्याचे नावही नव्हते. वही मिळत होती. हिशोब मात्र खोटा होता.

घरी परतताना मनात एकच विचार होता. त्या मातीला अडवणे खरोखरच अशक्य होते काय? की कोणी अडवलीच नाही? तेव्हापासून आम्ही या विषयाची चौकशी करू लागलो, आणि उत्तर असे मिळाले की ती अडवता येते. मात्र ती डोंगरावरच अडवावी लागते. शेतात उतरल्यावर नाही.

उगमापाशी अडवणे म्हणजे काय

आपल्या शास्त्रात आस्रव, संवर आणि निर्जरा ही तत्त्वे सांगितली आहेत. कर्माचा प्रवाह आत येणे तो आस्रव, तो प्रवाह थांबवणे तो संवर, आणि साचलेले झाडून टाकणे ती निर्जरा. उत्तराध्ययन सूत्रात यासाठी तळ्याचा दृष्टान्त आला आहे. तळे रिकामे करायचे तर आधी पाणी येण्याची वाट बंद करावी. मग उपसा करावा आणि उरलेले सूर्याच्या तापाने आटू द्यावे. वाट उघडी ठेवून उपसणारा मनुष्य जन्मभर उपसत राहील. खाणीच्या गाळाविषयी शहाणे अभियंते आज जे सांगतात त्याचे सार याहून निराळे नाही. त्यांच्या सांगण्यातील मुख्य गोष्टी येणेप्रमाणे आहेत.

पहिली गोष्ट सुपीक मातीची. डोंगराचा वरचा हात-दीड हात थर हाच जिवंत असतो. त्यात बीज असते, सूक्ष्म जीव असतात. तो आधी वेगळा काढून वेगळा ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर, उंच ढीग न करता, दुसऱ्या जागी पसरावा. उंच ढिगात वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली माती मरते. खनिज संवर्धन व विकास यांसंबंधी केंद्र सरकारचे १९८८ चे नियम होते आणि आता २०१७ चे आहेत. सुपीक माती व टाकाऊ दगड स्वतंत्र ठेवण्याचे बंधन त्यांत घातलेले आहे.

दुसरी गोष्ट जागेची. ढीग कोठे घालावा हे खाण सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. झऱ्यावर, ओढ्याच्या मुखाशी किंवा पाणी वाहण्याच्या वाटेवर ढीग घालणे म्हणजे पुढील अपघाताची मुहूर्तमेढ रोवणे होय.

तिसरी गोष्ट ढिगाच्या बांधणीची. ढीग एकसलग न उतरवता पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावा आणि त्याचा एकंदर उतार २८ अंशांहून अधिक ठेवू नये, अशी अट आपल्याकडे खाणींच्या परवानग्यांत सामान्यतः घातली जाते. पायथ्याशी दगडी भिंत असावी, तीत पाणी झिरपून जाण्यास वाटा असाव्यात. ढिगाभोवती गळ्यातील माळेप्रमाणे चर खणावा, म्हणजे वरचे स्वच्छ पाणी ढिगात न शिरता बाजूने निघून जाईल. स्वच्छ पाणी आणि गढूळ पाणी यांची गाठच पडू न देणे, हे या सर्व खटाटोपाचे मर्म आहे.

चौथी गोष्ट गाळ बसवण्याच्या तळ्यांची. चरात आलेले गढूळ पाणी थेट ओढ्यास न सोडता एकामागून एक अशा तळ्यांतून न्यावे. जाड वाळू पहिल्यात बसते, बारीक दुसऱ्यात. परंतु लोण्यासारखी तांबडी माती दिवसेंदिवस बसत नाही. आपल्या घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तद्वत येथेही कण एकत्र करणारे द्रव्य घालावे लागते. ही तळी वर्षातून उपसली नाहीत तर ती केवळ नावाची राहतात. भरलेल्या तळ्यातून पाणी जसे आले तसेच बाहेर पडते.

पाचवी गोष्ट झाडोऱ्याची. ढिगावर प्रथम गवत व वाळा यांसारखी खोल मुळांची वनस्पती लावावी, काथ्याची जाळी अंथरावी, मग स्थानिक झाडे. मुळे ही मातीची शिवण होय. केवळ दिसण्यापुरती एकाच जातीची परदेशी झाडे लावून डोंगराचे जंगल परत येत नाही.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की काम संपलेला खड्डा त्याच मातीने भरत जावे. खाण पुढे सरकेल तसा मागचा भाग भरून निघाला तर बाहेरचा ढीग वाढतच नाही. जो ढीग उभाच राहिला नाही तो ढासळत नाही.

ही कामे अवघड नाहीत. यांतील बहुतेक आपल्या शेतकऱ्यांस बांधबंदिस्तीच्या रूपाने ठाऊक आहेत. अडचण विद्येची नसून वेळेची व खर्चाची आहे. ही कामे मृगापूर्वी झाली पाहिजेत, आणि त्यांचा खर्च पहिल्या टनापासून मालाच्या किमतीत धरला पाहिजे. चर न खणता वाचलेला पैसा वाचत नाही. तो केवळ दुसऱ्याच्या वहीत नावे पडतो.

ओला गाळ आणि तांबडी मळी

खनिज धुऊन शुद्ध करतात तेव्हा दुसऱ्या प्रकारचा कचरा निघतो. तो पातळ असतो आणि बांध घालून मोठ्या तळ्यात साठवतात. आपल्या राज्यातील कुद्रेमुख येथे १९७६ पासून सरकारी कंपनीमार्फत लोहखनिजाचे काम झाले. तेथे असा गाळ साठवण्यासाठी लख्या येथे मोठे धरण बांधावे लागले, आणि खाणीच्या परिसरातून भद्रा नदीत जाणाऱ्या गाळाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या अखेरीस ते काम थांबले. खनिज गेले, कंपनीचे काम थांबले. परंतु धरण आणि त्यातील गाळ तेथेच आहे व त्याची राखण करीत राहावे लागणार आहे.

आपल्या बेळगावच्या शेजारीही १९७० च्या सुमारास बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढण्याचा कारखाना उभा राहिला. बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात शिजवतात. अॅल्युमिना विरघळतो आणि तांबडी मळी मागे राहते. एक टन अॅल्युमिनामागे सामान्यतः एक ते दीड टन मळी उरते आणि तिच्यात सोड्याचा दाहक अंश असतो. अशी मळी पातळ स्थितीत साठवली तर काय होते, हे हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी जगाने पाहिले. बांध फुटला, मळीचा लोंढा गावांत शिरला आणि दहा माणसे मेली. म्हणूनच आता जगभर पिळून कोरडी केलेली मळी रचण्याची पद्धत पुढे येत आहे. दाबयंत्रातून पाणी आणि त्याबरोबर सोडाही परत मिळतो, तो पुन्हा कामास येतो; आणि कोरडी मळी सिमेंटच्या कारखान्यांस घालता येते. आपल्या देशातही मळी सिमेंटसाठी धाडण्याचे काम वाढत आहे. जो टाकाऊ समजला तो माल ठरला की त्याची राखण आपोआप होते, हे व्यापाऱ्यांस सांगणे नको.

काही ठिकाणी खडकात गंधकमिश्रित खनिजे असतात. ती जमिनीत बंद असतात तोवर निरुपद्रवी. परंतु उघड्यावर आली, हवा व पाणी लागले, की त्यांचे गंधकाम्ल बनते आणि ते आम्ल इतर धातू विरघळवून ओढ्यात नेते. स्पेनमधील रिओ टिंटो या नदीकाठी प्राचीन काळापासून खाणी चालल्या. ती नदी आजही तांबडी व आम्लधर्मी वाहते. मेघालयातील कोळशाच्या खाणींच्या परिसरातील लुखा नदीचे पाणी निळे पडल्याचे वृत्त आपण वाचले असेल. तेथील उंदीरबिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली. अशा खडकावर हवा-पाणी पोहोचू न देणे, चिकणमातीने तो झाकणे, चुना मिसळणे, हे सर्व पहिल्या दिवशी करावे लागते. आम्ल एकदा सुरू झाले की ते मालक, कंपनी आणि कधी कधी राज्यसत्तांहूनही दीर्घायुषी ठरते.

दोन दूरच्या गावांची गोष्ट

ढिगाची जागा चुकली तर काय होते याचे सर्वांत दुःखद उदाहरण ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील अॅबरफान या गावाचे आहे. गावावरच्या डोंगरात कोळसा-खाणीच्या कचऱ्याचे ढीग घातले जात. त्यांतील सातवा ढीग १९५८ मध्ये सुरू झाला आणि त्याचा काही भाग झऱ्यांवर होता. झरा नकाशावर होता. गावकऱ्यांस ठाऊक होता. तक्रारीही झाल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो ढीग घसरला आणि प्राथमिक शाळेवर आला. १४४ जीव गेले. त्यांपैकी ११६ मुले होती. पुढे तेथे १९६९ मध्ये ढिगांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. ज्या आईबापांची मुले गेली त्यांस त्या कायद्याचा काय उपयोग?

दुसरे उदाहरण ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो या ठिकाणचे. तेथे लोहखनिजाच्या गाळाचा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला आणि २७० माणसे गेली. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की त्या तळ्यात नवा गाळ टाकणे आधीच थांबलेले होते. काम थांबले म्हणजे धोका संपला असे होत नाही. साठवलेला ओला गाळ ही न फेडलेली हुंडी आहे. ती केव्हा दाखल होईल सांगता येत नाही.

आपल्या देशातही झारखंडातील मुरी येथे ९ एप्रिल २०१९ रोजी तांबड्या मळीचा साठा ढासळून आसपासच्या जमिनीवर पसरला. सबब हे सर्व परदेशातच घडते, अशा समजुतीत आपण राहू नये.

आवर घातला नाही तर टाळे लागते

कित्येक बंधू म्हणतील की इतकी बंधने घातली तर धंदा कसा चालावा? त्यांच्यासाठी गोवा आणि बळ्ळारी यांचा इतिहास पुरे आहे.

बळ्ळारीत बेबंद खोदकाम झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०११ रोजी तेथील खाणकाम थांबवले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात खाणींचे तीन वर्ग पाडले गेले. सर्वाधिक उल्लंघन करणाऱ्या तिसऱ्या वर्गाचे पट्टे रद्द झाले. उरलेल्यांस पुन्हा काम सुरू करण्यासाठी जमीन सावरण्याची व पुनर्वसनाची योजना अमलात आणण्याची अट घालण्यात आली. पायथ्याच्या भिंती, ओघळींतील बंधारे, ढिगांची बांधणी ही कामे, जी प्रारंभी आपखुशीने करता आली असती, तीच शेवटी न्यायालयाच्या आज्ञेने करावी लागली.

गोव्यात ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्पादनावर दोन कोटी टनांची मर्यादा आली आणि पट्ट्याच्या हद्दीबाहेर माती टाकण्यास मनाई झाली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्टे रद्द ठरले. त्यानंतर २०२२ च्या डिसेंबरात लिलाव होऊन नव्याने पट्टे देण्यास आरंभ झाला. या सर्व काळात कर्ज काढून ट्रक घेतलेल्या लहान माणसांचे काय हाल झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आमचे दोन टिपरही तोट्यात गेले. तो तोटा आम्ही न्यायालयाच्या नावे टाकत नाही. आम्ही एकदाही न विचारलेल्या प्रश्नाचे ते व्याज होते.

आपला धर्म आणि आपला धंदा

श्रावकाचाराच्या ग्रंथांत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही ती येतात. त्यांत भूमी फोडण्याच्या उपजीविकेचा समावेश आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांत जीव मानणाऱ्या समाजाने ही सूचना सहज ओलांडावी अशी नाही.

तथापि अनेकान्ताची शिकवण अशीही आहे की दुसरी बाजू पाहावी. आमच्या दुकानातील वजनकाटा लोखंडाचा, गोदामाची शटरे लोखंडाची, माल आणणारी रेल्वे लोखंडाची. आम्ही खाण काढली नाही म्हणून आम्ही निर्दोष, असे म्हणता येत नाही. खाणीच नकोत असे म्हणणे सोपे. परंतु ते म्हणणाऱ्याच्या घरातही अॅल्युमिनियमची भांडी असतात. म्हणून गृहस्थाने निदान इतके तरी पाहावे की हिंसा निरर्थक वाढू नये. अनर्थदंड म्हणतात तो हाच. खनिज काढताना जमीन फुटते, ती कदाचित अर्थासाठी. परंतु चर न खणल्यामुळे खालच्या गावचे शेत बुडते, ओढ्यातील मासे मरतात, विहीर नासते, ते कोणाच्या अर्थासाठी? तो केवळ प्रमाद होय.

आमच्या बेळगुंदी भागात मोठी लोहखाण नाही. येथे भात, बटाटा व रताळी होतात. मार्कंडेय नदी वाहते. राकसकोपच्या जलाशयातून बेळगाव शहरास पिण्याचे पाणी जाते. परंतु बेळगाव तालुक्यात खडीच्या व जांभ्याच्या खाणी आहेत, आणि घरबांधणी जशी वाढेल तशा त्या वाढतील. डोंगर कोणताही असो, पावसाचा नियम तोच आहे. मागील महिन्यात आमच्या परिचयातील एक तरुण सभासद येऊन म्हणाले, “काका, एका खाणीत भागीदारी मिळते आहे, घालू का?” पूर्वी आम्ही केवळ परताव्याचा दर विचारला असता. या खेपेस आम्ही त्यांस पाच प्रश्न लिहून दिले. ते सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो.

१. त्या डोंगरात झरे कोठे आहेत आणि पावसाचे पाणी कोठून वाहते? टाकाऊ मातीचा ढीग त्या वाटेवर तर येत नाही ना? हे कागदावर न पाहता पावसाळ्यात जागेवर जाऊन पाहावे.

२. वरची सुपीक माती कोठे ठेवणार व कोठे पसरणार? याचे उत्तर “पाहू पुढे” असे आले तर भागीदारी घालू नये.

३. पायथ्याची भिंत, भोवतालचा चर आणि गाळाची तळी मृगापूर्वी तयार होतील काय? तळी उपसण्याचा वार्षिक खर्च हिशोबात धरला आहे काय?

४. काम संपलेला खड्डा भरण्यासाठी दर टनामागे रक्कम वेगळी काढली जाते काय? नफा आधी वाटून खड्डा मागे ठेवणारा भागीदार हा दिवाळखोरापेक्षा निराळा नव्हे.

५. ओढ्याचे पाणी खाणीच्या वर आणि खाणीच्या खाली, दोन बाटल्यांत भरून शेजारी ठेवले तर सारखे दिसते काय? आणि खालच्या गावास कोणी विचारले आहे काय?

त्या तरुणाने हे पाच प्रश्न नेऊन विचारले. दोनच प्रश्नांची उत्तरे मिळाली. तेव्हा त्यांनी पैसे घातले नाहीत. परंतु त्या मालकाने पुढे निरोप पाठवला की चराचे व भिंतीचे काम हाती घेतो, मग पुन्हा बोलू. आम्हांस यात मोठे समाधान वाटले. कायद्याचा अधिकारी वर्षातून एकदा येईल. परंतु पैसा घालणारा मनुष्य पहिल्याच दिवशी दारात उभा असतो. उगमापाशी आवर घालणे म्हणतात, तो उगम डोंगरात जितका आहे तितकाच आपल्या तिजोरीत आहे.

आमची संघटनेस नम्र सूचना आहे की खाण, क्रशर किंवा माती-वाहतूक यांत भांडवल घालणाऱ्या सभासदांनी हे प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा, आणि जे खाणमालक ही कामे नेटाने करतात त्यांचा माल चार पैसे अधिक देऊन घ्यावा. चांगल्या मालास चढा भाव देणे ही बाजाराची जुनी रीत आहे. ती येथेही चालावी.

साखळीकडचा तो वृद्ध शेतकरी आज हयात आहे की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. त्याचे नावही आम्ही त्या दिवशी विचारले नाही, ही दुसरी चूक. दरवर्षी पर्युषणात क्षमायाचना करताना परिचितांची नावे घेऊन आम्ही क्षमा मागतो. त्या वेळी बांधावर हात जोडून उभा राहिलेला तो मनुष्य डोळ्यांपुढे येतो. ज्याचे नाव वहीत नाही त्याचेच देणे सर्वांत जुने असते. ते फेडण्याचा एकच मार्ग आम्हांस दिसला, तो म्हणजे आपल्या हातून दुसऱ्या कोणाचे शेत बुडू नये यासाठी बोलणे. म्हणून हा लेख.

मिच्छामि दुक्कडम्.